जपानी रंगपेटी : घ्यावी का, आणि कुणी

पेटी उघडल्या उघडल्या अण्णा म्हणाले, "ह्याला पैलवानाचा वास येतोय."

मी हसले. आमच्या गावभागात कुठलाही गोडसर उग्र वास आला की अण्णांच्या मते तो एकतर तालमीचा, नाहीतर गुऱ्हाळाचा. पण आठवड्याभराने कळलं की म्हातारा बरोबर होता. जपानातले सुमो पैलवान डोक्यावरचा बुचडा बांधायला जे सुगंधी मेण लावतात, त्याचाच भाऊबंद ह्या पेटीत आहे. बिन्त्सुके म्हणतात त्याला. तिकडच्या काबुकी नाटकातले नट तोंडाला पांढरा रंग लावायच्या आधी हे मेण चोळतात.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. विश्रामबागेत माझं पार्लर आहे, एकवीस वर्षं झाली. नवरीचा मेकअप हे मुख्य काम. अण्णा, म्हणजे माझे वडील, रंगभूषाकार. सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर, जिथे म्हणून हौशी नाटक व्हायचं तिथे त्यांची पत्र्याची ट्रंक जायची. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा ती ट्रंक घरातच राहिली. सफेदा, पिवडी, हिंगूळ, सगळ्याचा एकच चिखल. टोप माळ्यावर होते म्हणून वाचले. त्यानंतर अण्णांनी काम जवळजवळ सोडलंच.

पेटी आणली माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने. तिचं लग्न, डोहाळजेवण, दिराचं लग्न, सगळं माझ्याच हातचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती चार वर्षं जपानात आहे. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "ताई, तिकडचे नाटकवाले हेच लावतात. अण्णांसाठी आणलंय." मी तिला पैसे घ्यायला लावले, सगळं धरून साडेसात हजार. फुकट आलेल्या वस्तूबद्दल मोकळं लिहिता येत नाही.

पेटीवरचं नाव मला वाचता येत नाही, त्यामुळे ते विचारू नका. आत काय आहे ते सांगते. मेणाची एक वडी, मऊसर, हस्तिदंती रंगाची. भुवयांसाठी दुसऱ्या मेणाची कांडी, ही चांगलीच घट्ट. पांढऱ्या रंगाचा डबा, आत लोण्यासारखा गोळा. त्याचं नाव ओशिरोई. लाल आणि काळ्या रंगाच्या डब्या. दोन रुंद चपटे ब्रश, तीन बारीक ब्रश, एक स्पंज. आणि घडी केलेली रेशमी पट्टी, जी टोपाखाली कपाळापासून डोक्यावर ताणून बांधायची.

सूचनांचा कागद अख्खा जपानीत. मोबाइलने त्याचं भाषांतर करून दिलं. पहिलंच वाक्य, "भुवया चिरडून टाका." अण्णा दचकले. पण त्याचा अर्थ अगदी सरळ आहे. ती घट्ट कांडी भुवयांवर घासून केस कातडीला चपटे चिकटवायचे, म्हणजे वरून पांढरं लावल्यावर भुवया नाहीशाच होतात. मग कपाळावर हव्या तिथे, हव्या त्या वळणाच्या नव्या काढायच्या. अण्णांच्या वेळी साबणाचा लगदा लावून हे करायचे, आणि दुसऱ्या अंकापर्यंत घामाने भुवई परत वर यायची. ह्या कांडीची भुवई तीन तास हलली नाही. पेटीत दुसरं काही नसतं तरी मी ही कांडी घेतली असती.

मऊ वडीचं मात्र सांगलीच्या हवेशी जमत नाही. जानेवारीत तळहातावर घासून ती मस्त पसरली. मार्चच्या शेवटी पार्लरच्या खिडकीत राहिली, तर दुपारी तीनपर्यंत तिचं तूप झालं. फ्रीजमध्ये ठेवली तर इतकी टणक की खलबत्ता आणावा लागेल. आता माठाखालच्या वाळूवर ठेवतो. तिथे बरी राहते.

पांढऱ्याचं सांगायच्या आधी थोडं मागे जाते. अण्णांनी डबा उचलून पहिला प्रश्न विचारला, "ह्यात शिसं आहे काय?" त्यांच्या उमेदवारीत सफेद्याबरोबर मुर्दाडशिंग वापरायचे. चेहऱ्याला तजेला यायचा, पण मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचाच प्रकार. त्यांचे गुरू म्हातारपणी हात थरथरत म्हणून चहा बशीत ओतून, बशी टेबलावर ठेवून प्यायचे. ते कशामुळे, हे कुणी डॉक्टरला विचारलं नाही. जपानातही जुना ओशिरोई शिशाचाच असायचा. १८८७ साली खुद्द सम्राटासमोर काबुकी झालं, त्यात एका नामांकित नटाचा पाय उभ्या जागी थरथरायला लागला, आणि ते शिशाचं विष आहे हे सगळ्या देशासमोर आलं. त्यानंतर बिनशिशाचा रंग शोधायची धडपड सुरू झाली. आताचे रंग बिनशिशाचे आहेत. मी हे वाचून दाखवलं तेव्हा अण्णा डब्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "आमच्यात असं कुणासमोर थरथरलं नाही कोण. घरात थरथरत होते."

पांढरा रंग पाण्यात कालवून लावायचा. मेणावर पाणी! मी आयुष्यभर फाउंडेशन लावत आले, मला ते पटेना. पण रुंद ब्रशने भराभर फटकारे मारून लगेच ओल्या स्पंजने थापटलं की तो मेणावर अस्सा बसतो की बोट फिरवलं तरी उठत नाही. मात्र हात थांबला की ओघळ. पहिल्या वेळी मी माझ्या मनगटावर लावला आणि भिंतीला दिलेली पुट्टी दिसली. ट्यूबलाइटखाली तर भुताटकीच.

तेव्हा अण्णांनी ट्यूब बंद केली आणि देवघरातली समई आणून टेबलावर ठेवली. सांगायला वेगळं काही नाही, पण माझ्या पार्लरमध्ये मी इतकी वर्षं रिंगलाइट लावून बसते आणि हे मला सुचलं नव्हतं. समईच्या उजेडात तेच मनगट एकदम मऊ झालं, आतून उजळल्यासारखं. हा रंग मेणबत्तीच्या नाटकघरासाठी जन्माला आला. मागच्या रांगेतल्या माणसाला अंधुक उजेडात तोंड दिसावं म्हणून. ज्यांना एलईडीखाली रील काढायचंय त्यांनी ह्या डब्याच्या वाटेला जाऊ नये.

आता त्या नटाकडे येते, कारण त्याच्याशिवाय ही पेटी आम्हाला कळलीच नसती. आमच्या गिऱ्हाइकाने मोबाइलवर चित्रफिती पाठवल्या आणि लिहिलं, "अण्णांना ह्याचं दाखवा." नाव बांदो तामासाबुरो. पाचवा. तिकडे नटाचं नाव गादीसारखं चालतं, पहिला, दुसरा, तिसरा असं. काबुकीत बायकांची कामं पुरुष करतात, त्यांना ओन्नागाता म्हणतात. गंमत अशी की काबुकी सुरू केलं एका बाईनेच, ओकुनी नावाच्या, १६०३ च्या सुमारास क्योतोत. १६२९ साली सरकारने बायकांना रंगमंचावर बंदी केली, मग पोरांना आणलं, १६५२ साली त्यांनाही बंदी, शेवटी राहिले मोठे बाप्ये. त्यांनी बाई अशी काही उभी केली की बंदी गेल्यावरही ती परंपरा राहिली. आपल्याकडे बायका नाटकात आल्या आणि स्त्रीपार्टी संपले. अण्णांच्या वेळी फक्त गंधर्वांच्या नाट्यप्रवेशांपुरते उरले होते.

तामासाबुरोचा जन्म १९५० चा, टोकियोतला. नाटकवाल्यांच्या घरातला नव्हे. घरचा धंदा उंची जेवणघराचा. लहानपणी पोलिओ झाला, आणि पायात ताकद यावी म्हणून त्याला नाच शिकायला घातलं. हे ऐकल्यावर अण्णांनी चित्रफीत थांबवायला लावली. पाय परत बघायचे होते. आम्ही तो बगळ्याचा नाच परत लावला, पांढऱ्या किमोनोत, बर्फात. कुठला पाय, शोधून सापडला नाही.

सात वर्षांचा असताना, १९५७ साली, तो पहिल्यांदा रंगमंचावर आला. मोरिता कान्या ह्या चौदाव्या कान्याने त्याला शिष्य केलं आणि पुढे दत्तकच घेतलं. १९६४ साली, वय वर्षं चौदा, त्याला तामासाबुरो हे नाव मिळालं. दत्तक म्हटल्यावर अण्णांची गाडी साताऱ्याकडे वळली. दत्तक नामंजूर म्हणून इंग्रजांनी १८४८ साली गादी खालसा केली, आणि तिथे बघ, दत्तकावरच घराणी टिकली. मी म्हटलं, अण्णा, राज्य आणि नाटक वेगळं. ते म्हणाले, सांगलीत नाही. ह्यावर मी काय बोलणार? पहिलं मराठी नाटक १८४३ साली राजेसाहेबांच्याच वाड्यात झालं.

तर हा मुलगा उंच. ओन्नागाता म्हणून फारच उंच. पण दोन्ही खांदे मागे ओढून पाठीत जवळ आणायचे, गुडघे जुळवून किंचित वाकवायचे, असं करत तो समोरच्या पुरुषापेक्षा लहान दिसतो. शिकाऊ मुलांना गुडघ्यांत कागद धरून चालायला लावतात, कागद पडला की पुन्हा. विशीच्या आतच त्याचं नाव झालं. लेखक युकिओ मिशिमाने १९६९ च्या आपल्या नाटकात त्याला राजकन्येचं काम दिलं. १९८४ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या शंभरीच्या सोहळ्यात तो तोच बगळ्याचा नाच नाचला. पोलंडचा दिग्दर्शक आंद्रे वायदा, त्याने दोस्तोएव्हस्कीच्या गोष्टीवर नाटक केलं, त्यात बाई हाच आणि तिच्यावर जीव टाकणारा पुरुषही हाच. चीनमध्ये जाऊन त्यांच्या भाषेत त्यांचं जुनं गाण्याचं नाटक केलं. २०१२ साली जपान सरकारने त्याला जिवंत राष्ट्रीय ठेवा ठरवलं. पुरस्कारांची यादी मोठी आहे, ती सोडते.

सोडवत नाही ते आकोया. हे मूळ १७३२ चं बाहुल्यांचं नाटक. (विष्णुदास भावेंनीही लाकडी बाहुल्या केल्या होत्या, हे अण्णांनी तीनदा सांगितलं, म्हणून लिहिते.) आकोया ही गणिका. तिचा प्रियकर कागेकियो फरार आहे आणि सरकारला त्याचा पत्ता हवाय. ती म्हणते, मला माहीत नाही. चौकशीला दोन अधिकारी. एक इवानागा, लाल तोंडाचा, मारझोड करायला टपलेला. दुसरा शिगेतादा, शांत. तो म्हणतो, छळ मी करतो. आणि वाद्यं मागवतो. आधी कोतो, मग शामिसेन, मग गजाने वाजवायचं कोक्यू. मनात खोट असेल तर सूर कुठेतरी चुकेल, हा त्याचा हिशेब. आणि ही वाद्यं नटाने स्वतः, तिथेच, तो जडशीळ पोशाख अंगावर घेऊन वाजवायची. वाजवताना प्रियकराची आठवणही दिसली पाहिजे आणि हात मात्र शुद्ध राहिला पाहिजे.

आम्ही पार्लर बंद करून, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून बघत होतो. अण्णांचं निम्मं आयुष्य मिरजेत सतारमेकर गल्लीच्या चहावर गेलंय, तार लागली की नाही हे त्यांना पाठीमागूनही कळतं. कोक्यू सुरू झालं तेव्हा ते म्हणाले, "गळ्यात नाही, बोटात रडतोय." मग बराच वेळ काही नाही. मी बघत होते ते वेगळंच. चेहरा. पांढऱ्याफेक चेहऱ्यावर एक रेघ हलत नाही, तरी शामिसेन वाजवताना आणि कोक्यू वाजवताना ती बाई एक नव्हती. आम्ही नवरीला कंटूर करतो, हायलाइट करतो, म्हणजे चेहऱ्यावर सावल्या आधीच रंगवून ठेवतो. इथे चेहरा पुसून पाटी कोरी केलेली, आणि लिहायचं काम नट करतो. तो अमुक कोनात मान झुकवतो आणि सावली तेव्हा पडते.

कितीतरी वर्षं ही आकोया करणारा हा एकटाच होता. त्याच्या आधी सहावा उताएमोन. तीन वाद्यं आणि अभिनय एका माणसात येतो कुठे? मग डिसेंबर २०१८ मध्ये टोकियोच्या काबुकीझा नाटकघरात त्याने दोन तरुण नटांना आकोया दिली, आळीपाळीने. आणि ज्या दिवशी ते आकोया करायचे त्या दिवशी हा, सत्तरीला टेकलेला ठेवा, लाल तोंड रंगवून इवानागा व्हायचा. इवानागाचं काम बाहुलीसारखं करायचं असतं. मागे माणसं उभी राहून हलवताहेत असं. अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "लाल लावला त्याने? स्वतः?"

स्वतः. ही ह्या पेटीची खरी गोची आहे. काबुकीत रंगभूषाकार नसतो. टोप आणि पोशाखाला माणसं असतात, पण तोंड प्रत्येक नट आपलं आपण रंगवतो, आरशासमोर, रोज. म्हणूनच ब्रशचे दांडे असे आहेत की दुसऱ्याचं तोंड रंगवताना मनगट आखडतं. मानेवरचा पांढरा तेवढा मागून दुसरा कुणी लावून देतो. पन्नास वर्षं दुसऱ्यांची तोंडं रंगवणाऱ्या माणसाला हे सांगणं मला जड गेलं. ते फक्त म्हणाले, "बरोबर आहे. आम्ही एक तोंड करतो आणि दुसऱ्याकडे वळतो."

खरी चाचणी एप्रिलमध्ये झाली. आमच्याकडे एक मुलगा येतो, पतसंस्थेत कॅशियर आहे. संगीत नाटकांतले रुक्मिणी, भामिनी असे प्रवेश करतो, आवाज बरा आहे. तो सवयीने खुर्चीत बसला, डोळे मिटले आणि हनुवटी वर केली. अण्णांनी आरसा त्याच्या हातात दिला. "तूच करायचं."

एक तास चाळीस मिनिटं लागली. पहिल्यांदा पांढरा कानाशी फाटला. पुसलं. दुसऱ्यांदा भुवई मेणातून उठली, कारण त्याने कांडी केसांच्या उलट्या दिशेने घासली होती. तिसऱ्यांदा बसला. डोळ्याच्या कोपऱ्यातली लाल रेघ त्याने चार वेळा काढली. ओठ मात्र पहिल्या फटक्यात, लहान, मधलेच. अण्णा स्टुलावर बसून होते, हात मांडीखाली घातलेले. का, ते मला माहीत होतं. एकदाच उठले, मानेला मागून पांढरा लावून दिला, दोन टोकं करून, आणि परत जाऊन बसले.

मग समई. पोरगा पतसंस्थेतला राहिला नव्हता. रुक्मिणीही नव्हती, खरं सांगायचं तर. नऊवारीवर तो चेहरा परक्या घरातल्या पाहुण्यासारखा दिसला. त्याने "नाथ हा माझा" सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीला स्वतःच थांबला. "जमत नाही ओ, ताई. ह्या तोंडातून हे निघत नाही." बालगंधर्व १९०५ साली मिरजेत शकुंतला म्हणून उभे राहिले ते बघणाऱ्याला घरातली, शेजारची, ओळखीची बाई दिसावी म्हणून; बायकांनी त्यांच्यासारखं लुगडं नेसावं इतकी खरी. तामासाबुरोची बाई कुठल्याच घरातली नाही. पांढरा रंग तेवढ्यासाठीच आहे. तेव्हा हौशी संगीत नाटकवाल्यांनो, हा डबा घेऊ नका, आपला पॅनकेक मेकअपच बरा. नाट्यशिबिरं घेणाऱ्यांनी मात्र जरूर घ्यावा. मुलांच्या हातात आरसा द्या आणि बाहेर जाऊन बसा.

पार्लरवाल्यांसाठी : रुंद ब्रश उत्तम, मी नवरीच्या मानेला आणि पाठीला बेस लावायला रोज वापरते. महिन्यात एक केस गळलेला नाही. भुवईची कांडी पाचपैकी पाच. मऊ वडी पाचपैकी दोन, तीही थंडीत. रेशमी पट्टीची शिवण एका बाजूने उसवलेली निघाली, मी पिको करून घेतली. सुटं मिळत असेल तर ब्रश आणि कांडी एवढंच मागवा, दोन अडीच हजारांत काम होईल.

लाल रंगाबद्दल लिहायचं राहिलं. रंग सुरेख आहे, कुंकवाच्या जवळ जाणारा, मेणावर अजिबात फाटत नाही. साबणाने निघत नाही, खोबरेल लागतं. आणि कितीही पुसला तरी कानाच्या मागे राहतोच, हे मला परवा सकाळी अण्णांना चहा देताना कळलं.